बारशापर्यंत बापाला खोलीबंदी?

‘बारशापर्यंत बापानं बाळंतिणीच्या खोलीत जाऊ नये, विटाळ होतो,’ हे नाशकात अजून ऐकू येतं. विटाळाला वैद्यकीय आधार नाही. सर्दी-खोकला असेल तर लांब राहा, ते वेगळं.

निफाडकडच्या थंडीत बाजेखाली शेगडी ठेवतात. बंद खोलीत तो धूर घातक. त्यापेक्षा बापाची छाती बरी. हात साबणानं धुवा, शर्ट काढा. बाळाला फक्त लंगोट, टोपडं, मोजे. छातीवर उभं धरा, मान एका बाजूला, नाक मोकळं, वरून शाल. मध्ये दुपटं आलं की ऊब पोहोचत नाही, नेमकं तिथंच चुकतं. एका वेळी निदान तासभर, पण डुलकी येत असेल तर बाळ आधी खाली.

तेवढ्यात आईची झोप होते. तिचं पॅड तासाभरात पूर्ण भिजलं तर लगेच १०८ लावा.