भडक नकाशांची दिशाभूल

उष्णतेची लाट आली की तापमानाचे रंगीत नकाशे सगळीकडे फिरू लागतात. निळा, हिरवा, पिवळा, लाल. पिवळा पट्टा कुणी रेघ मारल्यासारखा ठसठशीत दिसतो आणि वाटतं, याच्या पलीकडे भट्टी! प्रत्यक्षात तिथे पारा जेमतेम अर्धा अंश चढलेला असू शकतो. ती रेघ हवेत नसते, कुठल्या आकड्याला कुठला रंग हे ठरवणाऱ्या रंगपट्टीत असते.

असं का होतं? कडा आणि बारीक तपशील आपण मुख्यतः तेजातल्या फरकावरून ओळखतो, आणि सगळे रंग सारखे तेजस्वी नसतात. पडद्यावरच्या पांढऱ्याचं तेज १ धरलं, तर त्यात हिरव्याचा वाटा सुमारे ०.७२, लालचा ०.२१ आणि निळ्याचा अवघा ०.०७. आता इंद्रधनुषी पट्टीवरून चालत जा. निळा ०.०७, आकाशी (निळा अधिक हिरवा) ०.७९, हिरवा ०.७२, पिवळा (हिरवा अधिक लाल) ०.९३ आणि लाल पुन्हा ०.२१. नजरेला जाणवणारा उजेड साधारण याच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो. ते गणित घातलं तर ० ते १०० च्या मापावर निळा ३२, पिवळा ९७, लाल ५३ येतो. म्हणजे आकडे सरळ चढताहेत आणि तेज मात्र हेलकावे खातंय; आकडा सर्वांत मोठा, तिथेच ते कोसळतं. पिवळ्याची खोटी कड इथून येते.

रंग निवडताना दिले जाणारे ‘निळा रंग विश्वास जागवतो’ छापाचे सल्ले मी तरी गांभीर्याने घेत नाही. तेज मात्र मोजता येतं. तेच मोजून २०१५ मध्ये ‘व्हिरिडिस’ ही पट्टी बनवली गेली. गडद जांभळ्यापासून निळ्या-हिरव्यातून पिवळ्यापर्यंत तिचं तेज एकसारखं चढत जातं. कृष्णधवल छापली तरी क्रम टिकतो, लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यांनाही ती वाचता येते. शिवाय दिसतेही देखणी.

सरासरीपेक्षा कमी-जास्त दाखवायचं असेल तर मात्र मध्ये पांढरा, एका टोकाला निळा, दुसऱ्या टोकाला लाल अशी दुहेरी पट्टी हवी. इथे पांढरा नेमका शून्यावर, म्हणजे सरासरीवर बसवावा लागतो. आकडे उणे १ ते अधिक ४ असतील, तर सॉफ्टवेअर बहुधा पांढरा त्यांच्या मधोमध, दीडवर नेऊन ठेवतं आणि सरासरीपेक्षा एक अंशाने तापलेला प्रदेश नकाशावर निळसर, गारेगार दिसतो.