इंग्लंडमधल्या शाळेत मिळणारी एचपीव्ही लस: कोणाला, कधी आणि कोणते कागद लागतात?

मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की शाळेकडून एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) लसीचा संमतीचा फॉर्म येतो. हल्ली बहुतेक ठिकाणी ती ईमेलमधली एक लिंक असते. सहलीचे पैसे आणि पालकसभेच्या निरोपांच्या गर्दीत ती न उघडताच खाली जाते, आणि घोळ होतो तो इथेच.

लस मिळते इयर एटमध्ये. नावावरून आठवी वाटते, पण वयाच्या हिशेबाने ती आपली सातवी. 2008 साली ही लस फक्त मुलींसाठी सुरू झाली. सप्टेंबर 2019 पासून मुलग्यांनाही मिळते. ‘मुलाला कशाला?’ असं आजी फोनवर हमखास विचारते. तिला सांगा, हा विषाणू गर्भाशयमुखापुरता थांबत नाही. घशाच्या आणि गुदद्वाराच्या कॅन्सरमागेही तो असतो. सप्टेंबर 2023 पासून एकच डोस पुरतो. एचआयव्ही असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर मात्र तीन डोस. पैसे लागत नाहीत.

फॉर्ममध्ये मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, जीपीचं (म्हणजे नोंदणी केलेल्या फॅमिली डॉक्टरचं) नाव, एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) नंबर, अ‍ॅलर्जी आणि आजारपणं एवढंच विचारतात. लस द्यायची नसेल तरी ‘नको’ असं लिहून फॉर्म परत पाठवा. एक गोष्ट आपल्याकडच्या पालकांना खटकते: मुलाला सगळं नीट समजतंय असं नर्सला वाटलं, तर मूल स्वतःही संमती देऊ शकतं. म्हणून आधी घरात बोलून घेतलेलं बरं. लसीच्या दिवशी मात्र नाश्ता चुकवू देऊ नका. उपाशीपोटी सुई म्हणजे चक्करेला आमंत्रण.

शाळेत राहून गेली तर? मुलींना आणि 1 सप्टेंबर 2006 नंतर जन्मलेल्या मुलग्यांना पंचविसावा वाढदिवस होईपर्यंत ती मोफत मिळते. शाळा सुटली असेल तर जीपीकडे विचारा. भारतातून नुकतेच आला असाल तर आधी जीपीकडे नाव नोंदवा. त्यासाठी पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसाचे कागद सक्तीचे नाहीत. रिसेप्शनवर मागितलेच, तर हे नम्रपणे सांगता येतं. पुण्यात किंवा पणजीत डोस झाला असेल तर त्याचं कार्ड जपून आणा आणि तारखेसह नोंद करून घ्या.

हा खटाटोप वाया जात नाही. स्कॉटलंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींमध्ये गर्भाशयमुखाच्या, आजूबाजूच्या पेशींत पसरणाऱ्या कॅन्सरचा एकही रुग्ण आढळला नाही, असं 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. तरी लस घेतली म्हणून गर्भाशयमुखाची तपासणी टळत नाही. तिचं बोलावणं मुलीला पंचविशीच्या थोडं आधी येतं, आणि पत्राने आलं तर ते जीपीकडे नोंदवलेल्या पत्त्यावर. विद्यापीठासाठी गाव बदललं असेल तर तो पत्ता बदलून घ्यायला सांगा.