अ‍ॅथलेटिक क्लब (बिल्बाओ)

स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रदेशातल्या बिल्बाओ शहराचा फुटबॉल क्लब. स्थापना १८९८. बाहेर ‘अ‍ॅथलेटिक बिल्बाओ’ म्हणून ओळखला जात असला, तरी गावातली माणसे त्याला नुसते ‘अ‍ॅथलेटिक’ म्हणतात. लोखंडाच्या खाणी आणि गोद्यांमुळे बिल्बाओचा इंग्लंडशी दाट संबंध होता. तिकडून आलेल्या कामगारांनी आणि तिकडे शिकून परतलेल्या बास्क तरुणांनी हा खेळ नेर्व्हियोन नदीकाठी रुजवला, म्हणूनच क्लबचे नावही इंग्रजी वळणाचे राहिले. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीने १९४१ मध्ये परकी नावांवर बंदी घातल्यावर त्याचे ‘अ‍ॅटलेटिको’ करण्यात आले. मूळ नाव परत मिळायला सत्तरचे दशक उजाडावे लागले.

क्लबची खरी ओळख त्याच्या खेळाडूंच्या निवडीत आहे. १९११ च्या राजचषक स्पर्धेत इंग्लिश खेळाडूंवरून वाद पेटला आणि त्यानंतरच्या काळात केवळ बास्क खेळाडूंनाच संघात घेण्याची प्रथा पडली. ही प्रथा मोजक्या शब्दांत सांगता येत असली, तरी तिचा अर्थ मात्र सतत सरकत आला आहे. पूर्वी जन्म आणि वंश पाहिला जाई. आता बास्क भूमीत, म्हणजे नव्हारा आणि फ्रान्समधील बास्क भाग धरून, जन्मलेला किंवा तेथे फुटबॉल शिकून घडलेला खेळाडू चालतो. घानाहून आलेल्या आईवडिलांच्या पोटी बिल्बाओतच जन्मलेला इन्याकी विल्यम्स २०१५ मध्ये क्लबसाठी गोल करणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. स्थानिक मुलांतून संघ उभारण्याच्या या पद्धतीला स्पॅनिशमध्ये ‘कांतेरा’, म्हणजे दगडाची खाण, म्हणतात. खाणींवर वाढलेल्या शहराला तो शब्द शोभतोही. १९७१ पासून हे काम शहराजवळच्या लेसामा येथील केंद्रात चालते.

एवढ्या लहान प्रदेशातून खेळाडू निवडूनही १९२९ मध्ये स्पॅनिश लीग सुरू झाल्यापासून हा क्लब पहिल्या श्रेणीतून कधीच खाली घसरलेला नाही. हा मान त्याच्याखेरीज फक्त रेआल माद्रिद आणि बार्सेलोना यांना आहे. त्याने आठ वेळा लीग जिंकली आहे. क्लबच्या तेल्मो सार्राचा २५१ लीग गोलांचा विक्रम २०१४ मध्ये मेस्सीने मोडेपर्यंत टिकला.

१९१३ मध्ये सुरू झालेल्या सान मामेस मैदानाला चाहते ‘कॅथीड्रल’ म्हणतात. संत मामेसला सिंहांपुढे टाकले होते अशी आख्यायिका असल्याने खेळाडू ‘सिंह’ झाले. या मैदानावरचा पहिला गोल अ‍ॅथलेटिकच्या राफाएल मोरेनो, म्हणजेच ‘पिचिची’, याचा. तो १९२२ मध्ये अवघ्या २९ व्या वर्षी वारला. पाहुणा संघ प्रथमच येथे खेळायला येतो तेव्हा त्याचा कर्णधार सामन्याआधी पिचिचीच्या अर्धपुतळ्यापाशी फुलांचा गुच्छ ठेवतो. २०१३ मध्ये जुन्या मैदानाशेजारी नवे उभे राहिले, तेव्हा पुतळाही तिकडे हलला आणि प्रथाही.

५ डिसेंबर १९७६ रोजी रेआल सोसिएदाद या सान सेबास्तियानच्या बास्क क्लबविरुद्धच्या सामन्याआधी दोन्ही कर्णधार, अ‍ॅथलेटिकचा गोलरक्षक इरिबार आणि सोसिएदादचा कोर्ताबार्रिया, तेव्हा बंदी असलेला बास्क ध्वज हातात धरून मैदानात उतरले. कट्टर प्रतिस्पर्ध्यांनी एकच ध्वज धरावा, ही गोष्ट त्या काळात साधी नव्हती.

चषक जिंकला की संघाला ‘गाबार्रा’ नावाच्या सपाट बुडाच्या मालवाहू नावेतून नदीवर मिरवतात. १९८४ नंतर ही नाव चाळीस वर्षे विजयासाठी पाण्यात उतरली नव्हती. एप्रिल २०२४ मध्ये सेव्हिया येथे मायोर्काला पेनल्टी किकवर हरवून राजचषक मिळाल्यावर ती पुन्हा निघाली, आणि तिच्यावर इन्याकी आणि त्याचा धाकटा भाऊ निको हे दोघेही होते.