हळदीतला पिवळा रंग: एक की तीन?

वरणाचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावला की पिवळा डाग बघता बघता तांबडा होतो, आणि साबण धुऊन गेला की पुन्हा पिवळा. हे हळदीतल्या फिनॉलचं, म्हणजे कार्बनच्या कड्याला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी लागलेल्या संयुगांचं काम. फिनॉलमधला हायड्रोजन क्षारात सुटतो, मग रेणू वेगळा प्रकाश शोषू लागतो. हळदीतली ही फिनॉल-संयुगं वेगळी काढून ओळखायला मात्र शंभराहून अधिक वर्षं लागली.

१८१५ मध्ये फोगेल आणि पेलेतिए यांनी हळकुंडातून पिवळा पदार्थ काढला आणि त्याला कर्क्युमिन नाव दिलं. प्रत्यक्षात ते राळ आणि तेल यांचं मिश्रण होतं. स्फटिक हाती आले ते १८७० मध्ये, डाउबे यांच्या. रेणूची रचना मिलोबेन्ड्झ्का, कोस्टानेत्स्की आणि लाम्पे यांनी १९१० मध्ये मांडली. त्या काळी आजची उपकरणं नव्हती. रेणू तोडायचा, तुकडे ओळखायचे आणि त्यावरून मूळ आकार ताडायचा, एवढंच हातात होतं. तरीही ती रचना बरोबर निघाली, याचं मला फार कौतुक वाटतं.

पण स्फटिकातही एकटं कर्क्युमिन नव्हतं. १९५३ मध्ये श्रीनिवासन यांनी हळदीचा रंग सिलिका जेल या सच्छिद्र पुडीच्या स्तंभातून सोडला, तेव्हा त्याचे घटक वेगळे झाले. आज कुठल्याही प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं. सिलिकाच्या पातळ पट्टीवर अर्काचा ठिपका द्यायचा आणि पट्टीचं टोक क्लोरोफॉर्म व थोड्या मिथेनॉलच्या मिश्रणात बुडवायचं. द्रावक वर चढतो आणि त्याच्यामागे एकाखाली एक तीन पिवळे ठिपके उमटतात. सर्वांत वर कर्क्युमिन असतं, त्याच्या रेणूवर दोन मिथॉक्सी गट (एक ऑक्सिजन, एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचे तुकडे) असतात. मधल्याच्या रेणूवर एक असतो. खालच्याच्या रेणूवर एकही नसतो, म्हणून ते सिलिकाला घट्ट धरून मागे राहतं. वस्तुमानमापकात त्यांचे आकडे येतात ३६८, ३३८ आणि ३०८. दर पायरीला नेमका तीसचा फरक, म्हणजे एक मिथॉक्सी जाऊन त्याजागी हायड्रोजन आलेला.

बाजारात ‘९५ टक्के कर्क्युमिन’ म्हणून मिळणारा अर्क बहुधा या तिघांची मिळून बेरीज असते. चाचणीत प्रत्येकाचं प्रमाण वेगळं नोंदवलं नसेल, तर दिसलेला गुण तिघांपैकी कुणाचा, हे कळत नाही.