शाळेपुढील वेगनियंत्रण (बडोदे)

शाळा व वस्तीतल्या रस्त्यावर वाहनांचा वेग नुसत्या पाटीवर न सोडता रस्त्याच्या घडणीतूनच कमी करण्याची पद्धत. मोजणी आणि चाचणीचा पुढाकार पालक, रहिवासी व शाळा घेतात. बांधकाम महानगरपालिका करते आणि एकमार्गी किंवा पार्किंगबंदीचा जाहीरनामा पोलीस आयुक्त काढतात. स्वतःच्या खर्चाने रातोरात डांबराचा उंचवटा घालणे हा यातला भाग नव्हे. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात अशा गल्ल्या तयार झाल्या आणि १९७६ मध्ये त्यांना कायद्याचे बळ मिळाले. इटलीतल्या बोल्झानो शहरात १९८९ पासून शाळा भरता-सुटताना समोरचा रस्ता वाहनांना बंद ठेवतात.

दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या जुन्या भागांत शाळेपुढे दोन वेगळी दुखणी असतात आणि त्यांची गल्लत केली की उपाय फसतो. दुपारी बाराच्या सुमारास सकाळची पाळी सुटते, दुपारची भरते. तेव्हा वेग नसतोच. धोका असतो तो दुहेरी लावलेल्या वर्धीच्या, म्हणजे ठरवून मुलांची ने-आण करणाऱ्या, रिक्षांचा, मागे येणाऱ्या व्हॅनचा आणि त्यांच्या फटीतून बाहेर पडणाऱ्या मुलाचा. यावर उपाय म्हणजे फाटकाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा राखणे, वर्धीचा थांबा शंभरएक पावले पुढे नेणे आणि तिथून मुलांना रांगेत चालवत आणणे. टीआरबी जवान (वाहतूक पोलिसांचा मदतनीस) फाटकाशी नको, थांब्याशी उभा हवा. सकाळी पावणेसात ते सात मात्र रस्ता रिकामा असतो आणि उशीर झालेली स्कूटर भरधाव येते. वेग मोजायचा तो याच वेळी.

मोजणीला खडू, टेप आणि मोबाइलचे स्टॉपवॉच पुरते. रस्त्यावर ३० मीटर अंतराने दोन रेघा आखाव्यात. वाहनाला लागलेल्या सेकंदांनी १०८ ला भागले की ताशी किलोमीटर मिळतात, ४.३ सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर वेग २५ च्या वर. ५० वाहने मोजून संथ ते वेगवान अशी मांडावीत आणि ४३ वा आकडा अर्जात लिहावा, कारण सरासरीत बेफाम चालवणारे लपतात. मोजणाऱ्याने ओट्यावर किंवा दुकानाच्या पायरीवर बसावे. रस्त्यात उभा माणूस दिसला की चालक आपोआप वेग कमी करतात.

बांधकामाआधी आठवडाभर चुन्याच्या रेघा आणि वाळू भरलेले ड्रम ठेवून चाचणी घ्यावी. वळणाचा कोपरा आवळला की दुचाकीला आडवे कापता येत नाही. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

गतिरोधकाचे भारतीय प्रमाण ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचे. ताशी २५ च्या वेगासाठी. गल्लोगल्ली दिसणारा हातभर रुंदीचा, टोकदार उंचवटा या मापाचा नसतो. तो मणक्याला दणका देतो, रिक्षा त्याच्यापाशी जवळजवळ थांबते आणि लगेच जोरात पुढे जाते. पट्टे व आगाऊ फलक नसले तर अंधारात दुचाकी घसरते. शाळेच्या फाटकासमोर पदपथाच्या उंचीचा सपाट चौथरा अधिक बरा: माथा किमान ३ मीटर, दोन्ही उतार मीटरभराचे. मूल सपाट पायवाटेने पलीकडे जाते, चढ-उतार वाहनाच्या वाट्याला येतो.

हमखास चूक होते ती कडेला. पावसाचे पाणी जावे म्हणून दोन-तीन फूट मोकळे सोडतात आणि नेमक्या त्याच फटीतून, मुले चालतात तिथूनच, दुचाक्या निघतात. गतिरोधक कडेपर्यंत नेऊन पाण्यासाठी खाली जाळीची नाली ठेवावी. जाळी पावसाळ्याआधी साफ झाली नाही तर वरच्या अंगाला तळे साचते. गतिरोधक म्हणून ठोकलेल्या रबरी पट्ट्यांचे बोल्ट सैल होऊन खिळे वर येतात, म्हणून त्या चाचणीपुरत्याच वापराव्यात.

दांडिया बाजारातल्या अग्निशमन केंद्राच्या वाटेवर उंचवटे टाळून रस्ता अरुंद करावा, पण गाडीला साडेतीन मीटर मोकळे ठेवून. गणपतीच्या मिरवणुकीसाठी रस्ता अरुंद करणारे खांब काढता येण्याजोगे, कुलपाचे हवेत. किल्ली वॉर्ड कार्यालयात आणि शाळेत, दोन्हीकडे.

डांबराचा नवा थर पडला की चौथऱ्याची उंची निम्म्यावर येते आणि पट्टे गाडले जातात. त्या महिन्यात त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा ५० वाहने मोजून जुन्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहून अर्ज द्यावा.