वारा बारा, नौका छत्तीस

२०२४च्या ऑक्टोबरमध्ये बार्सिलोनाला अमेरिकाज कप या शिडाच्या नौकांच्या शर्यतीची अंतिम फेरी चालू होती, न्यूझीलंड विरुद्ध ब्रिटन. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला मी हट्टाने लॅपटॉपसमोर बसवलं. पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे सारखे हलत होते. वारा १२ नॉटच्या आसपास, नौका ३६च्या. पाच मिनिटं बघून तो म्हणाला, “मामा, यांनी आकडे उलटे लावलेत.”

आकडे बरोबर होते. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. म्हणजे ताशी २२ किलोमीटरच्या वाऱ्यात एक शिडाची नौका ताशी ६७ किलोमीटरने चालली होती. फॉइल, म्हणजे पाण्याखालचे पंख, वरखाली करायला तिच्यात बॅटरी असते, पण पुढे ढकलायला शिडाखेरीज काहीही नसतं.

भाच्याचा घोळ कुठे झाला ते कळतं. शीड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाठीमागून वारा भरलेलं, पोट सुटलेलं कापड येतं. वारा ढकलतो, नौका जाते. मग नौका वाऱ्याइतकी वेगात गेली की शिडाला वारा लागणारच नाही, कापड लोंबेल, हेही ओघानेच आलं. वारा थेट पाठीवर असेल तर साध्या शिडाचं होतं तसंच. म्हणूनच शर्यतीतली वेगवान नौका थेट पाठीवर वारा घेऊन जातच नाही. वाऱ्याच्या दिशेला जायचं असलं तरी ती नागमोडी जाते, वारा कायम बाजूने घेत. सगळी गंमत त्या आडव्या वाऱ्यात आहे, आणि मला ती इतकी आवडते की पुढचे काही परिच्छेद मी तिथेच रेंगाळणार आहे.

खाडीच्या पुलावरून स्कूटर चालवणाऱ्याला यातला अर्धा भाग अंगाने ठाऊक असतो. पुलावर थांबलात की वारा थेट उजव्या कानावर आपटतो. स्कूटर चालू लागली की तोच वारा कानावरून गालावर येतो, वेग वाढला की कपाळावर. खरा वारा कुठे हलला नाही. तुमच्या वेगामुळे समोरून येणारी हवा त्यात मिसळली. नौकेलाही हाच ‘जाणवणारा वारा’ मिळतो आणि शिडाला कळतो तो फक्त हाच. खऱ्या वाऱ्याशी शिडाची गाठच पडत नाही.

आता पायथागोरस काढा. वारा काटकोनात, ताशी २० किलोमीटर. नौकाही २०ने चालली, तर जाणवणारा वारा २८ किलोमीटरचा आणि नाळेपासून, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकापासून, ४५ अंशांवर. नौका ४०ने गेली, तर वारा जवळपास ४५चा, पण २७ अंशांवर. ६०ने गेली, तर ६३चा आणि जेमतेम १८ अंशांवर. नौका जितकी पळते तितका तिचा वारा वाढतो आणि तितकाच तो समोर सरकतो. म्हणजे वारा कमी पडत नाही, उलट जास्तच मिळतो. अडचण वेगळीच आहे: जवळजवळ समोरून येणाऱ्या वाऱ्याने नौका पुढे कशी जाईल?

फणस फोडताना बुळबुळीत आठळी दोन बोटांत दाबून पाहिली असेल. बोटं दाबतात आडवी, आठळी सुटते पुढे, आणि बोटं जवळ येतात त्याच्या कितीतरी पट वेगाने. नौकेची एक बाजू दाबणारं बोट म्हणजे शीड, दुसरं म्हणजे पाण्यात खाली उभी असलेली पाती. शीड विमानाच्या पंखासारखं काम करतं. ते वाऱ्याला वळवतं आणि त्या बदल्यात त्याला जोर मिळतो. हा जोर बराचसा आडवा, थोडासा पुढे असतो. आडव्या जोराला पाण्यातली पाती अडवून धरते. उरतो तो थोडासा पुढचा, आणि त्यावर नौका सुळकन निसटते. (वरच्या बाजूच्या हवेला लांबचा रस्ता पडतो म्हणून खालच्या हवेला गाठायला ती जोरात पळते, हे पंखाचं स्पष्टीकरण अजून शिकवण्यांतून सांगतात. त्या दोन हवांनी पलीकडे भेटायचं ठरवलेलं नसतं. वरची हवा जोरात जाते हे खरं, कारण मात्र ते नव्हे.)

यापुढची थोडी भूमिती वगळलीत तरी चालेल. शिडाला जो एकूण जोर मिळतो तो जाणवणाऱ्या वाऱ्याशी बरोबर काटकोनात नसतो. हवेच्या घर्षणामुळे तो काही अंश मागे झुकलेला असतो. पाण्यातल्या पातीचंही तसंच. हे दोन झुकाव मिळून जो कोन होतो, तेवढ्या कोनापर्यंतच जाणवणारा वारा समोर सरकू शकतो. त्यापुढे पुढचा जोर शून्य. जुन्या अवजड गलबताचे दोन्ही झुकाव मिळून ४५ अंश झाले, तर आडव्या वाऱ्यात ते फार तर वाऱ्याइतकं पळेल. दोन्ही मिळून १८ अंशांवर आणले, तर तिप्पट. १२ नॉटला ३६. कोपऱ्यातला आकडा हा असा आला. गेल्या दोन दशकांतली शर्यतीच्या नौकांची सगळी नवी घडण, कार्बनची शिडं, फॉइल, एरवी कुरूप दिसणारे सांगाडे, ही या दोन कोनांतले अंश खरवडण्याची खटपट आहे.

हे ऐकून ‘म्हणजे फुकटची ऊर्जा!’ असं ओरडणारे भेटतात, त्यांचे व्हिडिओही फिरत असतात. फुकट काहीच नाही. नौका गेल्यावर तिच्यामागचा वारा थोडा मंदावलेला असतो; ऊर्जा तिथून आली. हवा आणि पाणी एकमेकांच्या तुलनेत स्थिर असतील तर कितीही महागडी नौका जागची हलणार नाही. आणि ज्यांना थेट पाठीवरचा वाराही जिंकता येतो का असा प्रश्न पडला असेल त्यांच्यासाठी: २०१०मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कोरड्या तळ्यावर ‘ब्लॅकबर्ड’ नावाच्या चाकांच्या गाडीने तेही केलं, वाऱ्याच्या २.८ पट वेगाने. तिला शीड नव्हतं, चाकांना जोडलेला फिरता पंखा होता. तो एक वेगळा लेख होईल.

शिडाचा झुकाव कमी करणं तुलनेने सोपं गेलं. खरं अडवलं ते पाण्याने. पाण्यातून जाणारी नौका लाट उठवते आणि ती लाट तिच्याबरोबरच चालते. वेग वाढला की लाट लांब होते. लाटेची लांबी नौकेएवढी झाली की एक उंचवटा नाळेखाली, दुसरा पाठीमागे, आणि नौका स्वतःच खणलेल्या खळग्यात. त्यातून वर चढायला प्रचंड जोर लागतो. पाण्यातली लांबी १६ मीटर धरली, तर ही मर्यादा सेकंदाला ५ मीटर, म्हणजे १० नॉटला थोडी कमी पडते. जुन्या नौकांची मर्यादा ही अशी लांबीनेच ठरलेली.

त्यावरची युक्ती म्हणजे पाण्यातून बाहेर पडणं. एन्रिको फोर्लानिनी या इटालियन माणसाने १९०६मध्येच पाण्याखाली पंख लावलेली बोट इंजिनावर उचलून दाखवली होती. शिडाच्या नौकेला ते नीट जमायला शतक गेलं, कारण पंखाने उचलायचं तर आधी वेग हवा आणि सांगाडा हलका हवा. कार्बन फायबर स्वस्त नसलं तरी मिळू लागलं तेव्हा हिशेब जुळला. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे, म्हणून पंख लहान पुरतो. मी ढोबळ हिशेब केला: ३६ नॉटला ७ टन उचलायला जेमतेम १ चौरस मीटर, म्हणजे दोन कॅरमबोर्डांएवढा पंख बस्स आहे. मात्र वेग निम्मा झाला की उचल पाव होते. अशी उडणारी नौका वळणावर मंदावून पाण्यावर बसली की शर्यत बहुधा तिथेच हातची जाते, ती यामुळे.

२०१३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला अमेरिकाज कपमध्ये ७२ फुटी जोडनौका अशा उडाल्या आणि न्यूझीलंडने ८-१ अशा आघाडीवरून अमेरिकेच्या ओरॅकल संघाला ९-८ने कप घालवला. आताच्या नौकांना खाली शिशाची पाती नाहीच. दोन बाजूंना खेकड्याच्या नांग्यांसारखे दोन बाहू. एक पाण्यात, त्याच्या टोकाला पंख, आणि दुसरा हवेत उचललेला, नुसता वजनाला. सगळी नौका त्या एका पंखावर आणि मागच्या सुकाणूवरच्या आडव्या पंखावर तोललेली.

हा झाला किनाऱ्याजवळचा, काही मिनिटांचा खेळ. वांदे ग्लोब ही फ्रान्सहून सुटून एकट्याने, न थांबता, कुणाची मदत न घेता पृथ्वीला वळसा घालायची शर्यत. तिथल्या ६० फुटी नौकांचे फॉइल दोन्ही अंगांनी मिशांसारखे बाहेर येतात. २०२४च्या नियमांत सुकाणूवर आडवे पंख लावायला बंदी होती, त्यामुळे या नौका पूर्ण उडत नाहीत. नाक वर करून झेपावतात आणि धाडकन आपटतात. मग फॉइलचा उपयोग काय? आपल्या कोकणातल्या उलांडीच्या होडीकडे बघा. होडीपासून दूर धरलेला लाकडाचा ओंडका, तो तिला कलंडू देत नाही. जोर तोच, अंतर जास्त, म्हणून तोल जास्त. वाऱ्याने कलणाऱ्या बाजूचा फॉइल पाण्यात दूरवर रेटा देतो, आणि वेग वाढला की रेटाही वाढतो. उलांडी वेगाबरोबर अशी तगडी होत नाही, एवढाच फरक. तोल वाढला की जास्त शीड पेलता येतं. १९८९-९०ची पहिली शर्यत जिंकायला १०९ दिवस लागले होते. २०२५च्या जानेवारीत शार्ली दालँ ६४ दिवस १९ तासांत परत आला.

फॉइल तुटतात, सुकाणू तुटतात. नौकेचं नाव बदललं की समुद्र कोपतो असं युरोपातले खलाशीही मानतात. आपल्याकडे नाळेला लिंबू-मिरच्या बांधतात. २०१६च्या वांदे ग्लोबमध्ये ‘साफ्रान’ नावाची नौका सुकाणू मोडून बाहेर पडली. पुढे ती विकली गेली, नाव बदलून ‘मेत्र कॉक’ झाली आणि २०२०-२१ची शर्यत तिनेच जिंकली. कार्बनच्या थरांत फट पडली आहे का हे अल्ट्रासाउंडने तपासतात, लिंबाने नाही.

घरचं सामान भरून लांब जाणाऱ्या नौकांना मात्र फॉइल मानवत नाही. दिलना के. आणि रूपा ए. या दोघी नौदल अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ला गोव्याहून ‘तारिणी’ ही शिडाची नौका घेऊन पृथ्वीला वळसा घालायला निघाल्या आणि मेअखेर परतल्या. मधे चार बंदरं घेतली. त्याच हिवाळ्यात ६४ दिवसांचा विक्रम झाला, म्हणून ‘आपण किती मागे’ असं म्हणणाऱ्यांची मला कीव येते. दिवाडी बेटावर बांधलेली ५६ फुटी तारिणी २३ टनांच्या आसपास आहे. वांदे ग्लोबची तिच्याहून लांब नौका ८-९ टनांची. तारिणीत पाणी, शिधा, गॅस आणि माणसं राहतात. त्या दुसऱ्या नौकेत एक माणूस आपटत झोपतो.

तरी शर्यतीतून हौशी सफरींच्या नौकांनी एक गोष्ट उचलली आहे आणि ती मला फॉइलपेक्षा शहाणपणाची वाटते: बोथट नाक. नाळ टोकदार हवी, पाणी कापायला हवी, असं सगळे मानत. डेव्हिड रेझोंने साडेसहा मीटरची, पुढून साबणाच्या वडीसारखी गोल नौका बांधली आणि २०११मध्ये ती घेऊन अटलांटिक पार करायची एकट्याची शर्यत जिंकला. नाक रुंद असलं की नौका कलंडल्यावरही पाण्यातला तिचा आकार सरळ, लांब राहतो. शिवाय ते लाटेत घुसत नाही, वर चढतं. आत पुढच्या खोलीत पलंग मावतो हा वरकड फायदा. पाठही रुंद झाली, मग कलल्यावर मधलं सुकाणू हवेत यायला लागलं, म्हणून दोन सुकाणू आली. दोन तिरपी, दोन्ही बाजूंना.

उडणाऱ्या नौकांना पुढे एक भिंत आहे, साधारण ५० नॉटला. पंखाच्या वरच्या अंगाला दाब घटतो. ५० नॉटला वाहत्या पाण्याचा जोर वातावरणाच्या दाबाच्या सव्वातीन पट असतो, त्यातला तिसरा हिस्साभर दाब घटला तरी वातावरणाचा सगळा दाब संपतो आणि पाणी थंडच्या थंड उकळतं. उंच डोंगरावर भात कच्चा राहतो त्याचंच हे टोक. वाफेचे बुडबुडे होतात, पुढे जाऊन फुटतात, पंखाची उचल ढासळते आणि धातूला खड्डे पडतात. जुन्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं फिरतं चाक, काढून पाहिलेल्याला हे खड्डे दाखवावे लागत नाहीत.

पॉल लार्सन या खलाशाने यावर उलटा विचार केला. बुडबुडा होणारच असेल तर होऊ दे, त्यालाच धरून पंख घडवू. पुढून धारदार, मागून एकदम तोडलेला, पाचरीसारखा पंख. त्याच्या पाठीशी हवेची पोकळी कायमची राहते. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये नामिबियातल्या वॉल्विस बेला त्याच्या ‘सेलरॉकेट २’ने ५०० मीटर अंतर सरासरी ६५.४५ नॉटने कापलं. ताशी १२१ किलोमीटर, वाऱ्याच्या दुपटीहून जास्त.

भाच्याला हे सांगितलं तर त्याने विचारलं, मग ती वळते कशी? वळत नाही. तिचं शीड एकीकडे आणि मुख्य सांगाडा दुसरीकडे, वारा एकाच अंगाने घ्यायची घडण. एक दौड झाली की मोटरबोटीला दोरी बांधून तिला ओढत सुरुवातीच्या जागी आणावं लागे.