वारा की शी?

जन्मतःच आतड्याचा आजार असलेल्या बाळाचं ऑपरेशन ‘यशस्वी’ झालं की नातेवाईक निश्चिंत होतात. आतडं जोडलं, टाके सुकले, बाळ घरी आलं. पण ज्या अवयवाचं कामच मुळी ‘धरून ठेवणं आणि योग्य वेळी सोडणं’ हे आहे, त्याचा निकाल बाळ लंगोटात असताना कसा लावणार? तो लागतो तीन-चार वर्षांनी, मूल चड्डी घालून इतर मुलांत बसायला लागतं तेव्हा.

हिर्शस्प्रुंगचा आजार घ्या. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी 1886 साली त्याचं वर्णन केलं. साधारण 5000 जन्मांत एक, आणि मुलग्यांत जास्त. गर्भाच्या पाचव्या ते बाराव्या आठवड्यात चेतापेशींचे पूर्वज अन्ननलिकेकडून गुदद्वाराकडे प्रवास करत जातात. हा प्रवास मध्येच थांबला, तर शेवटचा पट्टा चेतापेशींविना राहतो. तो आवळलेलाच असतो, सैलावत नाही, आणि त्याच्या वरचं आतडं तुंबून फुगत जातं. (आईनं गरोदरपणी काय खाल्लं, काय पाहिलं, याची चौकशी करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) 1948 साली अमेरिकी शल्यचिकित्सक स्वेन्सन यांनी आजारी पट्टा काढून वरचं निरोगी आतडं खाली ओढून जोडण्याची शस्त्रक्रिया मांडली. आजच्या पद्धती तिच्याच लेकी-नाती.

आता माझा आवडता भाग. मलाशयात काहीतरी आलं की ते घन आहे, पातळ आहे की नुसता वारा, हे आपल्याला कळतं कसं? मलाशयाला तेवढी समज नाही, त्याला फक्त ताण कळतो. ओळख पटवणारी नाजूक त्वचा असते खाली, गुदमार्गात, दंतुर रेषेच्या (मलाशयाचं अस्तर आणि ही त्वचा जिथं भेटतात त्या दातेरी सीमेच्या) आसपास. मग माल तिथपर्यंत पोचतो कसा? मलाशय ताणला गेला की आतलं स्नायुवलय, जे आपल्या इच्छेबाहेर चालतं, क्षणभर सैल पडतं. चिमूटभर नमुना खाली उतरतो आणि त्वचा त्याची चव घेते म्हणा ना! तेवढ्या वेळात बाहेरचं वलय, जे आपल्या ताब्यात आहे, घट्ट राहून दार धरतं. ओळख पटली की आतलं वलय पुन्हा आवळतं. दिवसभरात हे कितीदा होतं, आपल्याला पत्ताही नसतो. चारचौघांत वारा बिनधोक सोडता येतो तो या व्यवस्थेच्या भरवशावर.

या सैलावण्याला रेक्टो-एनल इनहिबिटरी रिफ्लेक्स म्हणतात. तपासणी सोपी: मलाशयात छोटा फुगा फुगवायचा आणि गुदमार्गातला दाब मोजायचा. निरोगी मुलात आलेखाची रेघ खाली झुकते. हिर्शस्प्रुंगमध्ये झुकत नाही, आणि बहुतेक मुलांत ऑपरेशननंतरही नाही, कारण ते आतलं वलय तिथंच ठेवावं लागतं. म्हणून काहींत आतडं निरोगी असूनही दार अडतं. अशा वेळी त्या वलयात बोटॉक्सचं इंजेक्शन देऊन ते तात्पुरतं सैल करतात. जोडणी करताना दंतुर रेषेला धक्का लागला, तर उलट तक्रार: दार उघडतं, पण काय आलंय हेच कळत नाही.

इथं मोठी फसगत होते. चड्डीला डाग पडतात म्हणजे ‘धरता येत नाही’, असा सरळ अर्थ लावला जातो. पण कित्येकदा आत घट्ट शी साचलेली असते आणि तिच्या कडेनं पातळ पाझरते. शी साचलेल्याला रेचक हवं, खरंच धरता न येणाऱ्याला रेचक दिलं तर हाल वाढतात. डाग दोघांचे सारखेच. पोटाचा एक्स-रे आणि हातानं केलेली तपासणी बरंच सांगून जाते. ‘पोट साफ’ करण्याच्या चूर्णांच्या जाहिराती या फरकाबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

मोजमापासाठी फिनलंडचे बालशल्यचिकित्सक रिंटाला यांची गुणपत्रिका वापरतात: सात प्रश्न, एकूण 20 गुण. शी धरता येते का, लागल्याचं कळतं का, किती वेळा होते, डाग, अपघात (म्हणजे चड्डीतच शी होणं), बद्धकोष्ठ, आणि या सगळ्यामुळे लोकांत वावरताना अडचण. 17 किंवा त्याहून जास्त असले तर सामान्य धरतात. वेळांच्या प्रश्नाला पूर्ण गुण दोनच: एक दिवसाआड एकदा ते दिवसातून दोनदा. गुदद्वारच न बनलेल्या मुलांसाठी 2005 साली जर्मनीत क्रिकेनबेक इथं झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत ठरलेली पद्धत बेरीज करत नाही. डाग आणि बद्धकोष्ठ यांच्या वेगवेगळ्या पायऱ्या सांगते. बद्धकोष्ठाची पहिली पायरी आहारानं सुटणारी, दुसरी रेचकानं, तिसरी दोन्हींना न जुमानणारी. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. 14 गुण मिळवणारी दोन मुलं अगदी विरुद्ध आजारी असू शकतात.

एक गोष्ट मात्र गुणपत्रिकेत बसत नाही. ताप, फुगलेलं पोट आणि उग्र वासाचे जुलाब एकत्र आले, तर तो आतड्याचा दाह असू शकतो. ऑपरेशनला वर्षं उलटली असली तरी. तेव्हा फॉर्म भरत न बसता रुग्णालय गाठायचं.

आणि फॉर्म भरतं कोण? बहुधा आई. चार वर्षांच्या मुलासाठी तेच बरोबर. दहा वर्षांच्या मुलाला मात्र एकट्याला विचारून पाहावं, विशेषतः सातवा प्रश्न. ‘काही अडचण नाही’ असं आईनं लिहिलेलं असतं, आणि मुलगा सांगतो की मधल्या सुट्टीत तो मुद्दाम सगळ्यांत शेवटी वर्गाबाहेर पडतो.